चाकाआडचा लाल रंग

दसरा सरला आणि दिवाळी पंधरा-वीस दिवसांवर आली की मध्यमवर्गीय घरात रंगाचा एक डबा उघडतो, आणि तो संपेपर्यंत घरातल्या कोणालाही स्वस्थ बसू देत नाही. आधी भिंती होतात. उरलेल्या रंगात खिडक्यांचे गज होतात. गजांवरून नजर तुळशीच्या कुंडीकडे वळते, आणि शेवटी डब्याच्या तळाशी जो दोन बोटे रंग राहतो त्याने एखादे निरपराध स्टूल रंगून निघते. पाडव्याला आलेला पाहुणा नेमका त्याच स्टुलावर बसतो, हा पुढचा भाग झाला.

घरात मोटार आली तेव्हापासून या सणाच्या यादीत तिचीही भर पडली आहे. दसऱ्याला तिला न्हाऊ घालतात, कपाळावर कुंकवाचे स्वस्तिक काढतात, झेंडूचा हार घालतात, चाकाखाली लिंबू चिरडतात. एखादा भाविक बॉनेट उघडून इंजिनालाही हळदकुंकू वाहतो. ब्रेकला मात्र कोणी एक फूल वाहिल्याचे माझ्या पाहण्यात नाही. त्याचे काम पडले गाडी थांबवण्याचे. आणि थांबवणाऱ्याला आपल्याकडे मान कमीच. खोटे वाटत असेल तर घरातल्या कोणत्याही आजोबांना विचारून पाहा.

पण बारा वर्षांनी उकिरड्याचेही दिवस पालटतात म्हणतात, तसे या ब्रेकचेही पालटले आहेत. संध्याकाळच्या वेळी कल्याण-बदलापूर रस्त्याच्या कडेला पाच मिनिटे उभे राहा आणि मोटारींच्या काचांकडे न पाहता चाकांकडे पाहा. चाकाच्या आरांमधून काहीतरी लालभडक चमकून जाते. एखाद्याचे पिवळे असते, एखाद्याचे निळे; पण लालाची चलती अधिक. झाडाखालच्या शेंदूर फासलेल्या दगडासारखे ते दिसते. तो असतो ब्रेकचा कॅलिपर, आणि पुष्कळदा तो रविवारी दुपारी घरच्या घरीच रंगवलेला असतो.

कॅलिपर हा शब्द मराठी वाचकाला अगदीच परका नाही. कॉलेजच्या प्रयोगशाळेत छोट्या गोळीचा व्यास मोजण्याकरिता व्हर्निअर कॅलिपर असतो. पोलिओने अधू झालेल्या पायाला उभे करणाऱ्या पट्ट्यांनाही कॅलिपरच म्हणतात. एक मोजतो, दुसरा सावरतो आणि मोटारीतला हा तिसरा आवरतो. भाषेच्या प्राध्यापकाला अशा वेळी प्रतिशब्द घडवण्याची खुमखुमी येते. पण या खेपेला शब्दकोशापर्यंत जाण्याची गरज नाही, स्वयंपाकघरापर्यंत गेले तरी पुरे. ही सांडशी आहे! चाकाबरोबर पोलादी थाळीसारखी एक चकती फिरत असते आणि तिच्या काठावर ही सांडशी स्वार झालेली असते. सांडशी स्वतः फिरत नाही. तिच्या दोन जबड्यांत दोन पट्ट्या असतात, त्यांना ब्रेक पॅड म्हणतात. आपण पायाने ब्रेक दाबला की नळीतले ब्रेक ऑइल तो दाब सांडशीपर्यंत नेते, आतला दट्ट्या पुढे सरकतो, आणि उकळत्या दुधाचे पातेले आईने पकडावे तशी ती चकती दोन्ही बाजूंनी घट्ट पकडली जाते. द्रवावर एका जागी दिलेला दाब सगळीकडे सारखा पोहोचतो, हा शाळेत घोकलेला पास्कलचा नियम. आपले प्राण रोज ज्याच्यावर अवलंबून असतात तो नियम आपण पाच गुणांपुरता पाठ करून सोडून दिला!

ही युक्ती तशी जुनी आहे. फ्रेडरिक लँचेस्टर या इंग्रज अभियंत्याने १९०२ साली तिचे पेटंट घेतले. त्याच्या पट्ट्या तांब्याच्या होत्या आणि चकतीवर घासल्या की त्या किंचाळत. मोटारींचे जग पुढे कितीतरी वर्षे ढोलाच्या ब्रेकवरच चालले: चाकाबरोबर एक बंद ढोल फिरतो आणि त्याच्या पोटातून दोन नाला बाहेरच्या बाजूला दाबल्या जातात. १९५३ साली फ्रान्समधली ल मान्सची चोवीस तासांची शर्यत जॅग्वारने चकतीच्या ब्रेकवर जिंकली तेव्हा सगळ्यांचे डोळे उघडले, आणि १९५५ साली सिट्रोएन कंपनीने डीएस या आपल्या कौटुंबिक गाडीच्या पुढच्या चाकांना ते बसवले. आपल्याकडच्या जुन्या अँबॅसडर आणि पद्मिनी यांचा कारभार मात्र ढोलावरच चालला होता. मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली. तिच्या काळात ब्रेक रंगवण्याची कल्पना कोणाला सुचण्याचे कारण नव्हते. कारण ब्रेक ढोलात, ढोल चाकात आणि चाक लोखंडी थाळीआड, असा तो तीन पडद्यांचा संसार होता. पुढे चकती आली, मग मोकळ्या आरांची अलॉय चाके आली आणि पडदा सरकला. जे दिसू लागते ते सजवावेसे वाटते, हा मनुष्यस्वभाव आहे. त्यात इटलीतल्या बेर्गामोजवळ १९६१ साली सुरू झालेल्या ब्रेंबो कंपनीच्या लाल कॅलिपरांनी शर्यतीच्या गाड्यांतून तरुणांना वेड लावले. या कंपनीचा एक कारखाना आता आपल्या पुण्याजवळही आहे.

तर हे खूळ आहे की काही अर्थ आहे त्यात? याचा विचार करायचा तर आधी त्या सांडशीच्या नशिबी काय येते ते पाहू.

मोटार थांबते म्हणजे तिचा वेग कोठे जातो? तो उष्णता होऊन ब्रेकमध्ये उतरतो. साधा हिशेब आहे. हजार किलो वजनाची गाडी ताशी साठ किलोमीटर वेगाने जात असताना एकदा थांबवली, तर जी उष्णता निघते तिने एक लिटर पाणी सुमारे ३३ अंश सेल्सिअसने तापेल. म्हणजे नळाच्या पाण्याचे अंघोळीचे कढत पाणी व्हावे, तेही काही क्षणांत! आता तीच गाडी समजा सहाशे मीटर उंचीचा घाट उतरत आहे. त्या उताराची सगळी उष्णता पकडता आली तर अठरा-एकोणीस लिटर पाण्याला आधण येईल. नरकचतुर्दशीच्या पहाटे घरातल्या सर्वांत मोठ्या माणसाने पेटवलेला तांब्याचा बंब आठवा. तेवढा एक बंब आपण घाट उतरताना चाकांजवळ पेटवलेला असतो. त्यातली काही उष्णता वारा नेतो. गाडी खालच्या गियरमध्ये ठेवली तर बराच भार इंजिनही उचलते. म्हणून तर जुने चालक सांगतात, ज्या गियरने घाट चढलास त्याच गियरने उतर. ते न ऐकता जो नुसता ब्रेकवर पाय ठेवून खाली येतो त्याच्या पट्ट्या तापून गुळगुळीत पडतात, ब्रेक ऑइल जुने आणि पाणी प्यालेले असेल तर उकळू लागते, आणि ज्या क्षणी ब्रेक हवा असतो त्याच क्षणी पाय नुसताच खाली जातो.

या आगीच्या जोडीला पाणीही आहे. तेही आमच्या चिखलोलीसारख्या ठिकाणी पाहावे! अंबरनाथ सोडून बदलापूरकडे निघाले की मध्ये चिखलोली लागते. अंबरनाथच्या नळांना पाणी पुरवणारे धरण या गावचे. आणि रेल्वेने इथे नवे स्थानक मंजूर केल्यापासून जागांच्या जाहिरातींत या गावाचे नाव मोठ्या टायपात येऊ लागले. त्या नावात चिखल तर उघडच आहे, आणि कान दिला तर ओलही ऐकू येते. ही व्युत्पत्ती विद्यार्थ्याने उत्तरपत्रिकेत लिहिली तर मी गुण देणार नाही. पण आषाढात इथल्या रस्त्यावर उभा राहिलो की माझा निग्रह डळमळतो. डोंगराला अडलेला पाऊस इथे नुसता पडत नाही, तो मुक्कामाला येतो. २६ जुलै २००५ ला उल्हास नदीचे पाणी बदलापुरात शिरले होते, ती आठवण इथल्या जुन्या रहिवाशांच्या मनातून अजून ओसरलेली नाही. पण पूर सोडा, साध्या श्रावणातही चार चाके रोज चिखलाच्या पाण्याने अंघोळ करतात. कॅलिपर बहुतेक बिडाचा असतो, त्याच्यावर छप्पर नाही की पांघरूण नाही. चकतीवर रात्रीत चढलेला गंज सकाळच्या पहिल्या ब्रेकलाच पुसला जातो. कॅलिपरवरचा मात्र तसाच साचत राहतो. चार पावसाळे झाले की तो विहिरीतून काढलेल्या जुन्या पोहऱ्यासारखा दिसू लागतो.

गेल्या दिवाळीची गोष्ट. माझी बहीण चिखलोलीला राहते. तिची मुलगी नोकरीला लागल्याला वर्ष झाले होते, आणि घरच्या बारा वर्षांच्या गाडीला तिने पगारातून नवी अलॉय चाके घेतली होती. चाके नवी आली आणि त्यांच्या आरांतून तो गंजका पोहरा दिसू लागला. भाचीने एक छोटा लाल रंगाचा डबा, तारेचा ब्रश, पॉलिश पेपर आणि चिकटपट्टी आणली आणि धनत्रयोदशीच्या आदल्या रविवारी इमारतीच्या आवारात ठाण मांडले. मी तिथेच खुर्ची टाकून उत्तरपत्रिका तपासत बसलो होतो. वरच्या मजल्यावरून चकलीचा वास येत होता.

अशा प्रसंगी प्रेक्षक जमायला वेळ लागत नाही. पहिले आले ते तळमजल्यावरचे काका. अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत त्यांची उभी हयात फिटर म्हणून गेली. लोखंडाच्या तुकड्याकडे ते जसे पाहतात तसे आम्ही कवितेकडे पाहिले असते तर मराठी समीक्षेचे भले झाले असते.

"कसला रंग देतेस गं?" काकांनी विचारले.

"लाल, काका. साधा नाही, उष्णता सहन करणारा आहे. डब्यावर लिहिलंय बघा."

"डब्यावर रंगाचं लिहिलंय. ब्रेकचं कुठे लिहिलंय?"

"म्हणजे?"

"म्हणजे रंग नंतर. आधी हात लाव. हलतो का बघ."

भाचीने उजव्या चाकाजवळच्या कॅलिपरला हात घातला. तो आपल्या पिनांवर जरासा सरकला. काकांनी मान डोलावली. मग डावीकडे बसून तिने जोर लावला. तो जागचा हलेना. काकांनी गुडघ्यावर हात टेकून खाली वाकत बॅटरीचा झोत आत टाकला आणि थोडा वेळ काही बोलले नाहीत.

"इकडे ये, आणि मामांनाही बोलाव," ते म्हणाले.

बाहेरच्या बाजूची पट्टी करंगळीएवढी जाड होती. आतल्या बाजूची, जी वाकल्याशिवाय दिसत नाही, ती झिजून दोन रुपयांच्या नाण्याएवढी उरली होती. सांडशीचा एक जबडा मेलेला होता, सगळा भार दुसरा उचलत होता. ज्या दोन पिनांवर कॅलिपर सरकतो त्यांचे रबरी टोपण फाटले होते, आत पाणी गेले होते आणि वंगणाचा दगड झाला होता.

एवढ्यात मेव्हणे खाली आले. ते गेले दोन महिने म्हणत होते की ब्रेक मारला की गाडी थोडी उजवीकडे ओढते, आणि दोष रस्त्याच्या उताराला देत होते. आपल्याकडच्या रस्त्यांना कोणताही दोष शोभतो, त्यामुळे घरात ते सर्वांना पटलेही होते. आता ते चाकाजवळ बसले, आत पाहिले आणि हळूच म्हणाले, "भाऊबीजेला जुन्नर."

आमचे थोरले बंधू जुन्नरला असतात. भाऊबीजेला मुरबाडवरून माळशेज घाट चढून त्यांच्याकडे जायचे आणि दुसऱ्या दिवशी तोच घाट उतरून परत यायचे, असे ठरले होते. गाडीत मेव्हणे, बहीण, भाची आणि आमची आई. तो बंब त्या नाण्याएवढ्या पट्टीवर पेटणार होता. कोणी काही बोलले नाही. बहीण सज्जातून विचारत होती, "झाला का रंग?" तिला वर जाऊन काय सांगायचे ते मेव्हण्यांनी जिना चढता चढता ठरवले असावे.

दुसऱ्या दिवशी मेकॅनिक आला. पिना काढून साफ केल्या, उष्णतेत टिकणारे वंगण भरले, रबरी टोपणे बदलली आणि पुढच्या दोन्ही चाकांना नव्या पट्ट्या बसवल्या. कारण एका बाजूची नवी आणि दुसऱ्या बाजूची जुनी असा संसार ब्रेकमध्ये चालत नाही. ब्रेक ऑइलही बदलून घेतले. ते हवेतली वाफ शोषते, म्हणून साधारण दोन वर्षांनी ते बदलावे असे सांगतात. आणि मग, धनत्रयोदशीला सकाळी, भाचीने रंगाचा डबा उघडला.

तो रंग कसा दिला हे सांगतो, कारण हा लेख वाचून काही तरुण वाचक डबा आणायला निघालेच असतील. गाडी सपाट जमिनीवर हवी. जी चाके जमिनीवर राहणार त्यांच्या पुढेमागे दगड लावायचे. चाकाचे नट गाडी खाली असतानाच सैल करायचे, मग जॅक लावायचा, आणि जॅकवर विसंबून न राहता खाली भक्कम लोखंडी टेकू द्यायचा. जॅक गाडी उचलण्याकरिता असतो, धरून ठेवण्याकरिता नव्हे. चाक निघाले की कॅलिपरवरची काळी भुकटी फुंकर मारून किंवा हवेने उडवायची नाही, ती छातीत जाते. ती ओल्या फडक्याने पुसायची. मग तारेच्या ब्रशने गंज खरवडायचा, पॉलिश पेपर फिरवायचा आणि ब्रेक साफ करण्याच्या द्रवाने तेलाचा अंशही राहू द्यायचा नाही. या कामात सर्वांत अधिक वेळ जातो आणि सर्वांत कमी कौतुक होते. रंगाचे पुढचे सगळे आयुष्य मात्र याच्यावर ठरते.

त्यानंतर येते चिकटपट्टी. चकती झाकायची, पट्ट्या झाकायच्या, दट्ट्याभोवतालचे रबर झाकायचे, सरकणाऱ्या पिना झाकायच्या आणि हवा काढण्याचे जे छोटे बोंडके असते तेही झाकायचे. यांपैकी कोठेही रंग गेला तर शोभेसाठी केलेले काम अंगाशी येते. पट्टीवर तेल किंवा रंग सांडला तर ती पट्टी गेलीच म्हणून समजावे. रंग उष्णता सोसणारा, दोनशे-अडीचशे अंशांना न डगमगणारा हवा. खिडकीच्या गजांचा उरलेला ऑइलपेंट इथे चालत नाही; तो पहिल्याच घाटात फुगून, जळून नाकाला झोंबेल. एकच जाड हात देण्यापेक्षा दोन-तीन पातळ हात द्यावेत आणि प्रत्येक हातानंतर डब्यावर लिहिलेला वेळ थांबावे. पावसाळ्यात हा उद्योग करूच नये, ओल रंगाखाली कोंडली जाते. ऑक्टोबरचे कोरडे ऊन याला उत्तम. ब्रेक ऑइलचा थेंब रंगावर पडला तर रंग सुटतो, म्हणून तो लगेच पुसून टाकावा. आणि ब्रेक ऑइलची नळी उघडणे, कॅलिपर सोडवून त्या नळीवर लोंबकळत ठेवणे, असले प्रयोग घरी करू नयेत. ते मेकॅनिकचे काम.

रंग सुकला, चाक बसले. नट एकाच्या शेजारचा दुसरा असे न आवळता समोरासमोरचे आवळायचे. आणि गाडी सुरू करण्यापूर्वी जागेवरच ब्रेक चार-सहा वेळा दाबायचा, पायाला कठीण लागेपर्यंत. नव्या पट्ट्या बसवताना दट्ट्या मागे ढकललेला असतो, त्यामुळे पहिल्या खेपेला पाय रिकामाच खाली जातो. हे फाटकाच्या आत कळलेले बरे, फाटकाबाहेर कळलेले वाईट.

आता मूळ प्रश्न. या रंगाने ब्रेक चांगला लागतो काय? मुळीच नाही. लाल कॅलिपरची गाडी काळ्या कॅलिपरच्या गाडीपेक्षा एक बोटही आधी थांबत नाही. रंग गंजाला काही काळ दारात थोपवतो, एवढाच त्याचा व्यवहारी उपयोग. बाजारात तर चिकटवायची लाल प्लॅस्टिकची टोपणेही मिळतात. साध्या कॅलिपरवर ती बसवली की बघणाऱ्याला शर्यतीच्या गाडीचा भास होतो. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा! शिवाय अशा टोपणाखाली उष्णता कोंडते आणि सैल झाले तर ते फिरत्या चाकात अडकते. त्यापेक्षा गंजका पोहरा प्रामाणिक म्हणायचा.

वयस्क मंडळी यावर म्हणतील, "मग कशाला हा नसता खटाटोप?" त्यांना माझे उत्तर तयार आहे. हौसेला मोल नसते म्हणतात, पण त्या दिवशी हौसेने चार जिवांचे मोल दिले. बारा वर्षे ती गाडी त्या घरात होती. तिचा रंग उडाला तर लगेच दिसत होता, आरशाला चरा गेला तर दोन दिवस घरात अबोला होत होता. चाकाआड वाकून पाहण्याचे कारण मात्र कोणाला पडले नव्हते. ते कारण लाल रंगाने दिले. घर रंगवायला काढल्यावर कपाट भिंतीपासून सरकते आणि मागची ओल दिसते, तसेच हे. रंगाऱ्याला आपण भिंतीचे पैसे देतो. त्याने कपाट सरकवले याचे पैसे देत नाही.

चिखलोलीपासून जवळच अंबरनाथचे शिवमंदिर आहे. शिलाहारांच्या काळातले, शके ९८२ म्हणजे इसवी सन १०६० चे. त्याच्या बाहेरच्या भिंतींवर इतके शिल्पकाम आहे की पाहणारा प्रदक्षिणेतच दमतो आणि पुष्कळदा तिथूनच परत फिरतो. पण ज्याच्यासाठी हे सारे उभारले तो देव वर नाही. मंडपातून पायऱ्या उतरत जमिनीच्या पातळीखाली गाभाऱ्यात जावे लागते, तिथल्या अर्धवट उजेडात डोळे सरावले की मग पिंडी दिसते. बाहेरची शोभा खोटी नाही. तिने माणसाला रस्त्यावरून आत ओढले आणि चार पायऱ्या उतरायला लावले तर तिचे काम झाले. तिच्यापाशीच जो थांबला त्याचे दर्शन राहिले.

भाऊबीजेला ती गाडी माळशेज चढली, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी उतरली. खालच्या गियरमध्ये, सावकाश. आई मागच्या सीटवर झोपली होती म्हणे. संध्याकाळी मंडळी घरी पोहोचली आणि बहिणीने नेहमीप्रमाणे फोन केला: "पोचलो." एवढीच बातमी. जे अपघात होत नाहीत त्यांची नोंद कोठेही राहत नाही, आणि ते ज्यांच्यामुळे होत नाहीत त्यांचा सत्कारही होत नाही. तळमजल्यावरच्या काकांना बहिणीने फराळाचे ताट तेवढे दिले. ते ताट त्यांच्याकडे दरवर्षी जातेच. या खेपेला त्यात चकल्या जरा जास्त होत्या.

वाचकहो, हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा तुमच्याही घरी कोठेतरी निघण्याची तयारी चालली असेल. डब्यांत लाडू भरले जात असतील, मुले खिडकीजवळच्या जागेवरून भांडत असतील. कॅलिपर लाल करा किंवा करू नका, तो तुमच्या आवडीचा प्रश्न आहे. पण निघण्याच्या आदल्या दिवशी, उजेड असताना, चाकाशेजारी एकदा उकिडवे बसा. आरांतून आत पाहा. आतली पट्टी किती उरली ते तुम्हांला समजत नसेल तर ज्याला समजते अशा माणसाला बोलावून दाखवा. असा एखादा काका प्रत्येक इमारतीत असतो. बहुधा तो तळमजल्यावरच असतो, आणि कोणीतरी विचारील म्हणून वाट पाहत असतो.